पीज गावचा मनोरा

आणंदच्या लोण्याची वडी महाराष्ट्रात घरोघर पोचून आता किती वर्षे झाली! पण त्याच मुलखात, नडियादच्या जवळ, पीज नावाचे एक गाव आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी पुष्कळांना विचारून पाहिले. 'चीज म्हणायचंय का तुम्हाला?' असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला उलट विचारले! आणि तरीही आपल्या देशातल्या टीव्हीचा इतिहास कुणी प्रामाणिकपणे लिहायला बसला, तर दिल्ली-मुंबईच्या मागोमाग त्याला या खेड्याचे नाव लिहावेच लागेल.

साल १९७५. मुंबईत टीव्ही येऊन अवघी तीन वर्षे झालेली. कलकत्त्याला आणि मद्रासला तो पोचला तो त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात. अहमदाबादेसारख्या गिरण्यांच्या शहराला स्वतःचे प्रक्षेपण केंद्र नव्हते, नागपूरला नव्हते, बंगलोरला नव्हते. आणि अशा वेळी तंबाखूच्या शेतांच्या मधोमध, एका किलोवॅट शक्तीचे प्रक्षेपक पोटात घेऊन पीजचा मनोरा उभा होता! शहराच्या आधी खेड्याला, हा उलटा न्याय आपल्याकडे क्वचितच घडतो. तो येथे कसा घडला, आणि घडलेला पुढे का टिकला नाही, हीच सांगण्यासारखी गोष्ट आहे.

मी जन्माने आणि वाढीने बडोद्याचा. त्या काळी तेलाच्या इंजिनांच्या विक्रीसाठी मी सारा खेडा जिल्हा पालथा घालीत असे. विहिरीवर इंजिन बसवायचे तर शेतकरी घरी भेटतो तो दिवे लागल्यावर, त्यामुळे माझ्या पुष्कळशा संध्याकाळी चरोतरच्या खेड्यांतच गेल्या. चरोतर म्हणजे मही आणि साबरमती यांच्यामधला सपाट, सुपीक पट्टा. जमीन अशी की पेराल ते येते, आणि माणसे अशी की ज्याच्या घरचा एक तरी मुलगा आफ्रिकेत वा विलायतेत नाही असा पाटीदार शोधून काढावा लागे. गांधीजींचा १९१८चा सत्याग्रह येथलाच. सरदारांचा जन्म नडियादचा. १९४६ साली दुधाचा सहकारी संघ निघाला तोही येथेच. तेव्हा आणंदही खेडा जिल्ह्यातच मोडत असे. त्याचा निराळा जिल्हा झाला तो १९९७ साली. परंतु हे झाले पाटीदारांचे चरोतर. त्याच गावांच्या कडेला शेतमजुरांची वस्तीही होती, आणि तिच्या घरून कुणी आफ्रिकेला गेलेले नव्हते. हे एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता मनोऱ्याकडे वळू. त्याचे मूळ विक्रम साराभाईंच्या डोक्यात होते. साराभाईंचे म्हणणे असे की, शहरापासून निघून एकेक मनोरा बांधीत खेड्याकडे जायचे म्हटले तर पिढ्या जातील; त्यापेक्षा एकदम आकाशातूनच खेड्यात उतरावे. १९६९ साली अमेरिकेच्या 'नासा'शी तसा करार झाला. साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी अकाली गेले, पण काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्षभर अमेरिकेने आपला एटीएस-६ हा उपग्रह आपल्याला वापरायला दिला. ओरिसा, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी निवडली गेली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची तीन मीटर रुंदीची छत्री करून ती प्रत्येक गावात बसवली. खाली टीव्हीची पेटी, वर जाळीची छत्री, आणि थेट आकाशातून कार्यक्रम! या प्रयोगाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'साइट' असे नाव पडले होते.

या सहा राज्यांत गुजरात नव्हता. मग पीज कसे आले? साइटचे सारे तंत्र सांभाळणारे अवकाश उपयोग केंद्र अहमदाबादला होते. तिथल्या मंडळींना असे वाटले, की आकाशातला मार्ग आणि जमिनीवरचा मार्ग यांची सांगड घालून पाहावी, आणि तीही आपल्या अंगणाजवळच, म्हणजे काय चालले आहे ते रोज उठून जाऊन बघता येईल. खेडा जिल्हा जवळचा. सपाट. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत धावतात; मधे डोंगर आला की त्यांची वाट अडते. आपल्याकडे पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दाखवायचे ठरले तेव्हा १९७३ साली सिंहगडावर चढावे लागले, समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर. चरोतरात असली यातायात नाही. एक मनोरा उभारला की चहूबाजूंनी तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत चित्र पोचते.

पण मनोरा हा नुसता खांब. त्याच्याकडे कार्यक्रम येणार कुठून? अहमदाबादेचा स्टुडिओ आणि पीजचा मनोरा यांच्यामध्ये सुमारे पन्नास किलोमीटरचा सूक्ष्मलहरींचा दुवा होता. ही झाली पहिली वाट. दुसरी वाट फार लांबची. दिल्लीचा हिंदी कार्यक्रम उपग्रहाकडे जायचा. उपग्रह पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच. तिथून तो अहमदाबादेच्या भूकेंद्रावर उतरायचा, पुन्हा सूक्ष्मलहरींवर बसायचा आणि पीजला यायचा. म्हणजे दिल्लीचा शब्द खेड्यातल्या म्हातारीच्या कानी पडण्यापूर्वी बहात्तर हजार किलोमीटरांची यात्रा करून येत असे, आणि एवढ्या यात्रेला त्याला पाव सेकंद पुरत असे!

मोठी मौज अशी की हा उपग्रह विषुववृत्तावर पस्तीस अंश पूर्व रेखांशावर उभा होता. नकाशा उघडून पाहिलेत तर बोट नेमके केनयावर, व्हिक्टोरिया सरोवराच्या शेजारी टेकते. चरोतरच्या लोकांची दोन-तीन पिढ्यांची कर्मभूमी तीच! इदी अमीनने १९७२ साली युगांडातून हिंदी लोकांना हाकलले, त्यांतली कित्येक कुटुंबे याच मुलखातली. 'आमचा धाकटा तिकडे होता, आता टीव्ही तिकडूनच येतो,' असे एका वृद्ध पाटीदाराने मला गंभीरपणे सांगितले होते, आणि भूगोलाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती.

तर एवढे यंत्रतंत्र झाले. पीजचे खरे वैशिष्ट्य मात्र यंत्रात नव्हते. सिंहगडावरचा मनोरा मुंबईचे बोल पुण्याला ऐकवीत होता. त्याला स्वतःचे असे काही बोलायचे नव्हते. पीजच्या मनोऱ्याला होते. रोज संध्याकाळी थोडा वेळ तो दिल्लीचा असे आणि थोडा वेळ निव्वळ खेडा जिल्ह्याचा असे. तेथल्याच बोलीत, तेथल्याच माणसांविषयी. शासनाने सुमारे चारशे गावांत मिळून सहाशेहून अधिक सार्वजनिक टीव्ही संच ठेवले होते. मी पाहिलेल्या गावांतून संच बहुधा दूध मंडळीच्या ओट्यावर वा शाळेच्या व्हरांड्यात असे (सोसायटीला तिकडे 'मंडळी' म्हणतात). लाकडी कपाटाला कुलूप, किल्ली एका जबाबदार माणसाकडे. संध्याकाळचे दूध घालायला आलेल्या बायका रिकामी भांडी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहत. पुढे पोरे, मागे पुरुष, आणि अगदी कडेला, उजेड संपतो तिथे, मजुरांची माणसे.

कार्यक्रम करण्याची रीतही निराळी. शहरातल्या लेखकाने खोलीत बसून 'शेतकरी बंधूंनो' असे सुरू करायचे, ही आपल्या ओळखीची रीत. येथे आधी तरुण संशोधक गावांतून हिंडत. लोकांना काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, कशाची भीती वाटते, कशाचे हसू येते, हे टिपून आणीत. मग संहिता. गावोगावचे लिहिणारे हुडकून त्यांच्याकडून लिहून घेतलेल्या संहिताही असत. छोटा व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर टाकून मंडळी गावात जात आणि गावच्या माणसांनाच कॅमेऱ्यापुढे उभे करीत. गाऱ्हाणे सांगणारा गावचा, आणि त्याला उत्तर देणारा सरकारी अंमलदार, दोघेही एकाच पडद्यावर! कार्यक्रम झाल्यावर पुन्हा संशोधक गावात हजर: काय कळले, काय नाही कळले? गुजरातच्या भवाई या लोकनाट्याचा वापर पुष्कळ होई. केतन मेहता हे पुढे नावाजलेले चित्रपट दिग्दर्शक उमेदीच्या काळात याच केंद्रात कार्यक्रम निर्माते होते; १९८० सालच्या त्यांच्या 'भवनी भवाई'त त्या दिवसांचा वास येतो, असे मला तरी वाटते.

आणि विषय? गुरांची निगा, बी-बियाणे, लसटोचणी हे तर होतेच. पण हुंडा, विधवेचे जिणे, अस्पृश्यता, मजुराची किमान मजुरी हेही होते. येथेच खरी परीक्षा होती. खताविषयी बोलणाऱ्या टीव्हीवर कुणी रागावत नाही.

एका गावातली संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. गावाचे नाव सांगत नाही. पडद्यावर एक छोटे नाटुकले चालले होते. मजूर दिवसभर राबून मालकाच्या ओट्यापाशी येतो, मालक ठरल्यापेक्षा कमी पैसे टेकवतो, आणि मजुराची बायको कायद्याने मजुरी किती ते मोठ्याने सांगते. ती बाई बोलत होती अगदी तिथल्या मजुरणीसारखी, तोच हेल, तेच हातवारे. कडेच्या अंधारातून कुणीतरी खुदकन हसले. मग कुणीच हसेना. पुढच्या रांगेतल्या खाटेवर बसलेले किल्लीवाले काका उठले, शांतपणे कपाटापाशी गेले आणि त्यांनी बटण फिरवले.

'बंध केम कर्युं, काका?' एका पोराने विचारले.

'मशीन तापलं,' काका म्हणाले, आणि कुलूप लावून घराकडे चालू लागले.

कुणी काही बोलले नाही. बायका भांडी उचलून उठल्या. मजुरांची माणसे मात्र बऱ्याच वेळाने उठली. त्यांतला एक जण माझ्याजवळून जाताना सोबत्याला ती बाईची रक्कम पुन्हा पुन्हा सांगत होता, पाठ करावी तशी. दुसऱ्या दिवशी मजुरी वाढली असे मी सांगणार नाही. मी दुसऱ्या दिवशी तिथे नव्हतो. पण पंधरा दिवसांनी त्या बाजूला पुन्हा गेलो तेव्हा अहमदाबादेची दोन मुले ओट्यावर बसून लोकांना विचारत होती, 'त्या दिवशी नाटक कुठपर्यंत पाहिलंत?' आणि लोक सांगत होते. बटण बंद झाल्याची बातमीसुद्धा अहमदाबादेला पोचत होती! टीव्हीला कान असू शकतात हे मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळले.

ह्या साऱ्या खटाटोपात आपली मराठी माणसे किती होती ते मुद्दाम सांगायला हवे. साइटचे कार्यक्रम-व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. साराभाईंचे अगदी सुरुवातीपासूनचे सहकारी. थुंब्याची जागा शोधण्यातही त्यांचा हात होता. यशपाल यांच्यानंतर अहमदाबादेच्या केंद्राचे संचालकपद १९८१ साली त्यांच्याकडे आले. वयाची शंभर वर्षे पुरी करून ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पुण्यात वारले. प्रमोद काळे हे पुण्यात जन्मलेले आणि आमच्या बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अभियंते. तेही या कामात होते. साइटच्या मुलांसाठी केलेले विज्ञानाचे कार्यक्रम तर मुंबईतच तयार होत. चिटणीसांच्या निधनाच्या बातम्यांत रॉकेटांचा उल्लेख पुष्कळ आला. पीजचा फारसा दिसला नाही.

१९७६च्या जुलैअखेर करार संपला आणि अमेरिकेने आपला उपग्रह परत नेला. त्या दिवसापासून सहा राज्यांतल्या दोन हजारांवर जाळीच्या छत्र्या आंधळ्या झाल्या. पुढे जयपूर, रायपूर, मुझफ्फरपूर, गुलबर्गा अशा ठिकाणी जमिनीवरची केंद्रे निघाली, पण त्यांच्या टप्प्यात जुन्या गावांपैकी निम्मीही आली नाहीत. पीजला मात्र आकाशातला दुवा तुटल्याने खीळ बसली नाही. तिचा पन्नास किलोमीटरचा जमिनीवरचा दुवा शाबूत होता! लांबचा पाहुणा गेला तरी घरची चूल पेटतच राहिली.

इकडे शहरातल्या लोकांची गंमत पाहा. अहमदाबादेत आणि आमच्या बडोद्यात श्रीमंत लोक गच्चीवर उंचच उंच नळ उभे करून त्यांवर ॲन्टेना चढवू लागले. कशासाठी? तर पीज दिसावे म्हणून! आमच्या आळीत माझ्या मावशीच्या यजमानांनी असा एक नळ उभारला होता. वारा सुटला की काका वर जाऊन ॲन्टेना फिरवीत आणि खालून मावशी ओरडे, 'आता दिसतंय हो! अहो, पुन्हा गेलं!' दिसायचे काय, तर मुंग्यांच्या वारुळातून डोकावणारी एक म्हैस आणि तिच्या खुरांची निगा. पण आळीतली वीस माणसे ती म्हैस श्वास रोखून पाहत. शहराने खेड्याच्या कार्यक्रमाकडे मान वर करून पाहावे, असा तो एकच काळ मी पाहिला.

मग १९८२ साल उजाडले. दिल्लीचे एशियाड, रंगीत टीव्ही. १९८३ साली इन्सॅट-१बी हा आपला स्वतःचा उपग्रह कामाला लागला, आणि १९८४ साली तर जवळजवळ दिवसाला एक या वेगाने देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. ही मनोऱ्यांची फौज आली ती सिंहगडाच्या जातीची: दिल्लीचे घ्यावे आणि गावाला द्यावे. जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाले. जाहिरातदार आले. चरोतरात तोवर लोकांनी स्वतःचे संच घेतले होते, आणि दूध मंडळीच्या ओट्यावरची गर्दी पातळ होत चालली होती. हे मीही पाहिले. आपल्या घरात आपल्या खाटेवर बसून नाटक पाहायला मिळत असेल तर कडेच्या अंधारात कोण बसेल? ज्यांच्या घरी संच येणे शक्यच नव्हते ते बसत. पण आता ओट्यावरचा संच बिघडला तर दुरुस्त करण्याची घाई कुणाला नव्हती.

त्याच दशकात युनेस्कोने खेडा प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक दिले. जगभरचे अभ्यासक पीज पाहायला येऊन गेले. आणि १९८५ साली दूरदर्शनच्या वरिष्ठांचे ठरले, की पीजचे प्रक्षेपक उचलावे आणि मद्रासला न्यावे. कशासाठी? मद्रास शहराला दुसरी वाहिनी हवी होती म्हणून! अहमदाबादेचे मोठे केंद्र आता खेडा जिल्ह्यापर्यंत पोचते, मग तुम्हाला निराळा मनोरा कशाला, असा हिशेब. हिशेब म्हणून तो चोख होता. एकाच अंगणात दोन दिवे कशाला जाळायचे? फक्त हे कुणाच्या हिशेबात आले नाही, की त्या दोन दिव्यांचा उजेड निरनिराळ्या गोष्टींवर पडत होता. दहा वर्षांपूर्वी ज्या मद्रासच्या बरोबरीने पीजला टीव्ही मिळाला, त्या मद्रासला दुसरा मिळावा म्हणून पीजने आपला एकुलता एक द्यायचा होता.

लोक गप्प बसले नाहीत. गावकरी, अध्यापक, कलावंत यांनी विरोध केला. वर्तमानपत्रांतून लेख आले. एका प्रक्षेपकासाठी खेड्यातली माणसे रस्त्यावर यावीत, ही आपल्या देशातली तरी अपूर्वच गोष्ट. पण खेडा जिल्ह्याशी खेडा जिल्ह्याच्या गोष्टी बोलणारा स्वतंत्र आवाज त्यानंतर पूर्वीसारखा कधी उमटला नाही, आणि दशक संपता संपता प्रकल्पही संपला. पीजवर लिहिणारे कित्येक लेखक लहान टप्पा हा त्या केंद्राचा दोष मानतात. मला ते पटत नाही. पस्तीस किलोमीटरच्या पलीकडे आपल्याला कुणी ऐकणार नाही हे पक्के ठाऊक असल्यामुळेच ती मंडळी त्या गावांसाठी एवढे खोलात जाऊन बोलू शकली. साऱ्या देशाला एकदम ऐकवायचे म्हटले की कुठल्या गावच्या कुठल्या मजुराला किती मजुरी, हे सांगायला वाव कुठून राहणार?

त्या जातीच्या मनोऱ्यांचे दिवसही आता सरले. उपग्रहावरून घराघरातल्या थाळीत थेट वाहिन्या उतरू लागल्यावर दूरदर्शनने देशभरातली जवळजवळ सगळी जुनी भूप्रक्षेपण केंद्रे गेल्या काही वर्षांत बंद केली. गंमत अशी की साराभाईंनी १९६९ साली पाहिलेले थेट आकाशातून उतरण्याचे स्वप्न असे पुरे झाले. फक्त त्यात खेड्याला आधी हे कलम गळून पडले.

पीजमध्ये शिकलेली माणसे मात्र रिकामी बसली नव्हती. इस्रोने १९८३ साली अहमदाबादेला विकास व शैक्षणिक संज्ञापनाचा निराळा विभाग काढला. त्याची धुरा प्रथम किरण कर्णिकांकडे होती. त्याच विभागाने १९९६ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआ या भिल्लांच्या जिल्ह्यात पुन्हा एकदा उपग्रहाचा प्रयोग मांडला. दीडशे गावांत कार्यक्रम पाहण्याची यंत्रे बसवली. त्यांशिवाय बारा ठिकाणी उलट बोलण्याचेही यंत्र दिले, ज्यातून झाबुआतला माणूस अहमदाबादेच्या स्टुडिओत बसलेल्या तज्ज्ञाला तिथल्या तिथे प्रश्न विचारू शके. चरोतरात हेच काम वही घेऊन ओट्यावर बसलेली मुले करीत असत, आणि गावाचे उत्तर अहमदाबादेला पोचायला त्यांच्या परतीच्या गाडीएवढा वेळ लागे.